काटकसरीची कॉफी आणि रविवारची डोकेदुखी

कंपनीचे दिवस फिरले की त्याची पहिली खबर पॅन्ट्रीत लागते. ताळेबंद तिमाही संपल्यावर जाहीर होतो, नोकरकपातीची कुजबुज त्याच्याही नंतर सुरू होते. पण कॉफीच्या यंत्राशेजारी चिकटवलेला कागद एका सकाळी सगळ्यांनाच दिसतो. एक तारखेपासून कॉफी दिवसातून दोनदाच मिळेल. कुठे कपाला कूपन लागू होते, कुठे बिया दळणारे यंत्र जाऊन त्याच्या जागी प्रीमिक्सचे यंत्र येते, कुठे यंत्रच उचलून नेले जाते आणि लोक खालच्या टपरीचा रस्ता धरतात. विमानप्रवास, हॉटेलांतल्या बैठका, सल्लागारांची बिले यांच्यापुढे कॉफीचा खर्च किरकोळच. पण तो रोज डोळ्यांसमोर असतो, कात्री लावायला सोपा असतो आणि त्याविरुद्ध लेखी तक्रार करण्याचा धीर सहसा कोणाला होत नाही.

तक्रार करते ते शरीर. हिशेबनिसाच्या दृष्टीने हा रुपयांचा बदल असतो. मेंदूच्या दृष्टीने तो औषधाच्या मात्रेतला बदल असतो. आणि ही मात्रा किती बदलली, कोणत्या दिशेने बदलली, हे पिणाऱ्याला कोणीच सांगत नाही.

गेल्या काही वर्षांत या काटकसरीला कॉफीच्या भावानेही हातभार लावला. ब्राझील आणि व्हिएतनाम या जगातल्या दोन सर्वांत मोठ्या कॉफी उत्पादक देशांत पावसाने ओढ दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये अरेबिका कॉफीच्या जागतिक भावाने १९७७ सालचा उच्चांक मोडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पौंडाला चार डॉलरच्या वर गेला. कर्नाटकातल्या मळेवाल्यांना त्यामुळे बरे दिवस आले, हे खरे; पण कार्यालयांना कॉफी पुरवणाऱ्यांचे गणित विस्कटले. भाव वाढला की पुरवठादार कपाची किंमत वाढवतो, नाहीतर कपातला माल बदलतो. दुसरा मार्ग अधिक सोयीचा, कारण तो दिसत नाही.

रुमाल टाकून धरलेली जागा

कॅफिन अंगात ताकद घालत नाही. माणूस जागा असतो तितका वेळ मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते. पेशींवर त्याच्यासाठी ठरावीक जागा असतात. त्या जागांवर अ‍ॅडेनोसिन बसू लागले की डोळे जड होतात आणि शरीर झोप मागते. कॅफिनच्या रेणूची ठेवण अ‍ॅडेनोसिनशी इतकी मिळतीजुळती असते, की ते त्याच जागांवर जाऊन बसते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसाच हा प्रकार. थकवा बाहेर उभाच असतो, त्याला बसायला जागा मिळत नाही, एवढेच. या तात्पुरत्या अडवणुकीला आपण तरतरी म्हणतो.

रोज रुमाल पडू लागला की मेंदू आपली व्यवस्था करतो आणि जागा वाढवतो. म्हणून वर्षानुवर्षे कॉफी पिणाऱ्याला एका कपाने पूर्वीसारखे काही जाणवत नाही. मग एके दिवशी कॅफिन येतच नाही. वाढवलेल्या सगळ्या जागा रिकाम्या, आणि अ‍ॅडेनोसिनची गर्दी एकदम आत शिरते. कॅफिनमुळे आकसलेल्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, रक्ताचा ओघ वाढतो आणि डोके ठणकू लागते. सोबत मरगळ, चिडचिड, कामात लक्ष न लागणे, कधी मळमळ. काहींना तर फ्लू झाल्यासारखे वाटते.

लॉरा ज्युलियानो आणि रोलंड ग्रिफिथ्स या संशोधकांनी २००४ मध्ये या विषयावरच्या अनेक दशकांच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत लक्षणे सुरू होतात, २० ते ५१ तासांच्या दरम्यान ती सर्वाधिक असतात आणि दोन ते नऊ दिवस टिकू शकतात, असे त्यात दिसले. प्रयोगांत कॅफिन बंद केलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांचे डोके दुखले. साधारण १३ टक्के लोकांना इतका त्रास झाला की रोजची कामे अडली. आणि यासाठी फार मोठा कॉफीबाज असावे लागत नाही. दिवसाला १०० मिलिग्रॅम कॅफिनची सवयही पुरते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या डीएसएम-५ या सूचीत ‘कॅफिन विथड्रॉवल’ला स्वतंत्र निदान म्हणून जागा दिली.

हे तास कार्यालयाच्या आठवड्यावर मांडून पाहावेत. ज्याची कॉफी फक्त कार्यालयात होते, घरी होत नाही, त्याचा शेवटचा कप शुक्रवारी दुपारी चार वाजता. लक्षणांची सुरुवात शनिवारी पहाटेपासून दुपारपर्यंत केव्हाही. जोर शनिवारी दुपारपासून रविवारी संध्याकाळपर्यंत. सोमवारी सकाळी यंत्रापाशी पहिला कप घेतला की अर्ध्या-पाऊण तासात डोके उतरते. अशा माणसाला सुट्टीतच डोके का दुखते याचे कोडे असते. घरचे लोक ‘आठवड्याचा ताण आता बाहेर पडतोय’ असे समजावतात, आणि तो स्वतः उशिरापर्यंत झोपल्याला दोष देतो. पहिल्या रोज्यांच्या दिवसांत अनेकांचे डोके दुखते, त्यामागे भूक-तहानेबरोबर हेही एक कारण असते. मराठी घरांतल्या उपवासाला चहा-कॉफी चालते, हे ज्या पूर्वजांनी ठरवले त्यांना अ‍ॅडेनोसिन ठाऊक नव्हते. पण त्यांनी बऱ्याच एकादश्या सुसह्य केल्या.

काहींचे डोके कोणत्याही साध्या गोळीने थांबत नाही, पण एका विशिष्ट गोळीने हमखास थांबते. अशा वेळी गोळीच्या पाकिटावरचे घटक वाचावेत. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिन असते. तलफ कॉफीची, भागवली औषधाच्या दुकानातून, असा तो मामला असतो.

कपात काय बदलले

कपात किती कॅफिन असते? राष्ट्रीय पोषण संस्थेने (आयसीएमआर-एनआयएन) २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार १५० मिलिलिटर फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम. आता यावर मंदीतले प्रत्यक्ष बदल ठेवून बघू.

यंत्र गेले आणि चार कप फिल्टर कॉफी पिणारी व्यक्ती टपरीवरच्या दोन कटिंगवर आली. सुमारे ४०० मिलिग्रॅमवरून ती एका दिवसात ३०-६० मिलिग्रॅमवर येते, कारण कटिंग म्हणजे अर्धाच ग्लास. त्या आठवड्यात तिच्या चुका वाढल्या, ती सहकाऱ्यांवर खेकसली, तर त्याचा ठपका ‘कर्मचाऱ्यांचे खचलेले मनोधैर्य’ या नावाखाली नोंदवला जातो. मनोधैर्य खचलेलेही असेल. पण निम्मे कारण कवटीच्या आतल्या रक्तवाहिन्यांत आहे.

पूड बदलली तर बदल दोन्ही दिशांनी होऊ शकतो. चिकोरी वाढली तर कॅफिन घटते. चिकोरी हे एका झाडाचे मूळ. भाजून दळले की कॉफीसारखा रंग आणि कडवटपणा देते, पण त्यात कॅफिन अजिबात नसते. उलट तिचा काढा कॉफीपेक्षा गडद उतरतो, त्यामुळे ‘स्ट्राँग’ दिसणारा कप प्रत्यक्षात निम्म्या ताकदीचा असू शकतो. भारतीय नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. यंत्रामागे ओतल्या जाणाऱ्या पाकिटावरचे हे अक्षर वाचायला मात्र कोणी जात नाही.

दुसरीकडे, महाग अरेबिका काढून स्वस्त रोबस्टा वाढवली तर कॅफिन वाढते. अरेबिकाच्या बीत साधारण सव्वा टक्का कॅफिन असते, रोबस्टात त्याच्या जवळपास दुप्पट. रोबस्टा हे कणखर झाड. कमी उंचीवर, उष्णतेत तगते, आणि कॅफिन हे त्याचे किडींविरुद्धचे हत्यार आहे. भारतात पिकणाऱ्या कॉफीतही रोबस्टाचाच वाटा मोठा. म्हणजे तेवढेच तीन कप पिणाऱ्याच्या छातीत अचानक धडधड व्हावी, हात थरथरावेत, असे घडू शकते. नोकरीची काळजी असलेल्या महिन्यात ही धडधड काळजीचीच वाटते. चवीचा कडवटपणा झाकायला साखर वाढते, ते वेगळेच.

साखरेचा हिशेब प्रीमिक्सच्या बाबतीत जास्त महत्त्वाचा. अशा पुडीत कॉफीपेक्षा साखर आणि दूध पावडर यांचेच वजन जास्त असते. कपामागे दोन चमचे साखर धरली तर चार कपांची ४० ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. बिया दळणाऱ्या यंत्रात साखर घालणे न घालणे पिणाऱ्याच्या हातात होते. प्रीमिक्सने ते काढून घेतले. कार्यालयीन काटकसरीतला सर्वांत वाईट सौदा कोणता असेल तर तो हा. यंत्र बंद करून गरम पाणी आणि इन्स्टंटची बाटली ठेवणे याहून स्वस्तही पडते आणि बरेही.

एका सरकारने केलेला प्रयोग

पूड बदलण्याचा प्रयोग एकदा संपूर्ण देशावर झाला आहे. जुलै १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये कडाक्याचे हिम पडले, कॉफीची झाडे करपली आणि १९७७ पर्यंत जागतिक भाव कित्येक पटींनी वाढले. पूर्व जर्मनीचे साम्यवादी सरकार परकीय चलनाच्या तुटवड्याने आधीच बेजार होते. कॉफी तर विदेशी चलनात विकत घ्यावी लागे. १९७७ च्या उन्हाळ्यात सरकारने सर्वांत स्वस्त ब्रँड बाजारातून काढला आणि ‘काफे-मिक्स’ नावाची नवी पूड आणली. तिच्यात कॉफी ५१ टक्के; उरलेले चिकोरी, राय, बीट असे भाजलेले पदार्थ. उपाहारगृहांतही हेच मिश्रण ओतले जाऊ लागले.

लोक खवळले. भिंत, गुप्त पोलीस, रांगा हे सगळे सोसणाऱ्या जनतेने कॉफीवरून सरकारकडे हजारो तक्रारअर्ज पाठवले. पश्चिम जर्मनीत ‘क्रोनुंग’ (राज्याभिषेक) नावाची एक लोकप्रिय कॉफी होती. पक्षप्रमुख एरिख होनेकर यांच्या नावावरून लोकांनी या मिश्रणाला ‘एरिखचा राज्याभिषेक’ म्हणायला सुरुवात केली. इतिहासकार या असंतोषाकडे राजकारण म्हणून पाहतात आणि ते योग्यच आहे. पण एक गोष्ट शरीरशास्त्राचीही आहे. ज्यांनी पूर्वीइतकेच कप पिणे चालू ठेवले, त्यांचे कॅफिन एका झटक्यात जवळपास निम्म्यावर आले होते. चव बिघडल्याची तक्रार करणाऱ्यांपैकी कितीजणांचे डोकेही दुखत असेल, ते मोजायला तेव्हा कोणी गेले नाही.

भाव पुढे उतरले आणि मिश्रण मागे पडले. पण धडा घेऊन पूर्व जर्मनीने व्हिएतनामशी करार केले, तिथल्या डाक लाक भागात मळे उभारायला यंत्रे आणि पैसा दिला. कॉफीच्या झाडाला भरघोस फळ धरायला वर्षे लागतात. मळे जोमात आले तोवर १९९० उजाडले आणि पूर्व जर्मनी हा देशच उरला नाही. व्हिएतनाम मात्र रोबस्टाचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक झाला. आज जगभरच्या कार्यालयांतल्या स्वस्त कपात जी रोबस्टा असते, तिच्यातल्या बऱ्याच भागाची पाळेमुळे अशा तंगीच्या काळात आहेत.

खुद्द इन्स्टंट कॉफीची गोष्टही काही वेगळी नाही. १९२९ च्या महामंदीत कॉफीचे भाव कोसळले आणि ब्राझीलमध्ये पोती पडून राहिली. सरकारने १९३१ ते १९४४ या काळात सुमारे ७ कोटी ८० लाख पोती जाळली किंवा समुद्रात लोटली. पडून असलेल्या या मालाचे टिकाऊ असे काही करता येईल का, अशी विचारणा नेस्लेकडे झाली. रसायनतज्ज्ञ मॅक्स मॉर्गनथेलर यांनी अनेक वर्षे खटपट केली आणि १९३८ मध्ये नेसकॅफे बाजारात आली. त्याच मंदीत भारतातले मळेवालेही अडचणीत होते. कॉफीचा खप देशातच वाढवावा म्हणून १९३५ मध्ये कॉफीवर उपकर बसवण्याचा कायदा झाला आणि त्यातून १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाऊस उघडले. आसपासच्या कचेऱ्यांतल्या मंडळींना बसून कॉफी पिण्याची सवय लागली ती मळेवाल्यांच्या मंदीमुळे.

पंधरा मिनिटांची किंमत

कॉफी आणि कॉफीची सुट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काटकसर करणारे त्या एकच धरतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात लॉस विगवॅम वीव्हर्स हा नेकटाय विणणारा कारखाना होता. तरुण विणकर युद्धावर आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांत गेले. मालकाने आधी वयस्क पुरुष घेऊन पाहिले, मग मध्यमवयीन स्त्रिया. काम बारीक आणि दमवणारे. स्त्रियांनीच सुचवले की सकाळी आणि दुपारी पंधरा-पंधरा मिनिटांची कॉफीची सुट्टी द्यावी. दिली, आणि काम वाढले. मालकाने सुट्टी सक्तीची केली; फक्त त्या अर्ध्या तासाचा पगार देईना. तो वेळ वगळल्याने मजुरी कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनाच्या खाली येत होती. प्रकरण न्यायालयात गेले. १९५६ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की या सुट्टीने कामाचा दर्जा आणि वेग वाढतो, तिचा फायदा मालकालाही होतो, म्हणून हा वेळ कामाचाच धरावा लागेल.

यात कॅफिनचा वाटा किती आणि बसण्याचा किती? याचे एक उत्तर सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दिले. त्यांनी भरपूर कॉफी पिणाऱ्या ६१ जणांची कॉफी २४ तास बंद ठेवली आणि मग काहींना कॅफिन काढलेली, म्हणजे डिकॅफ, कॉफी दिली. ‘ही खरी कॉफी’ असे सांगून दिलेल्यांचा त्रास तर कमी झालाच. पण ‘यात कॅफिन नाही’ असे स्पष्ट सांगून दिलेल्यांनाही काही वेळापुरता आराम पडला. वास, ऊब, हातातला कप यांनाही शरीर काही प्रमाणात उत्तर देते.

उरलेला वाटा माणसांचा. अमेरिकेतल्या एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये एमआयटीचे अ‍ॅलेक्स पेंटलंड यांनी कर्मचाऱ्यांच्या संवादाचा अभ्यास केला. तिथे प्रत्येकाला वेगळ्या वेळी सुट्टी असे, म्हणजे फोन कधी अडू नयेत. पेंटलंड यांनी एका गटाला एकाच वेळी सुट्टी द्यायला सांगितले. कार्यक्षमतेच्या शास्त्राला हे उलटे वाटते. पण प्रत्येक फोनला लागणारा वेळ एकूण ८ टक्क्यांनी घटला आणि मागे पडलेल्या गटांत तो २० टक्क्यांहून अधिक घटला. गप्पांत लोक एकमेकांना कामाच्या युक्त्या सांगत होते, वैतागलेल्या ग्राहकाबद्दल मन मोकळे करत होते. डेन्मार्कमधल्या पर्निल स्ट्रोबेक यांनी २०१३ मध्ये अशाच एका बदलाच्या धक्क्यातून जाणाऱ्या सरकारी कार्यालयाबद्दल लिहिले. तिथेही कॉफीभोवती जमणारे छोटे घोळके हाच कर्मचाऱ्यांचा एकमेकांना सावरण्याचा मार्ग होता. म्हणजे कार्यालयात वातावरण जितके वाईट, तितकी या घोळक्यांची गरज जास्त. आणि नेमके तेव्हाच ते मोडले जातात.

समजा शंभर माणसांचे कार्यालय आहे, प्रत्येकी तीन कप आणि कपाला आठ रुपये. दिवसाला २,४०० रुपये. यंत्र हटल्यावर यांपैकी प्रत्येकजण वीस मिनिटांसाठी खाली टपरीवर गेला, तर दिवसाला ३३ तास इमारतीबाहेर गेले. बचत कोणाची झाली, हे व्यवस्थापनाने ठरवावे. कर्मचाऱ्यांचे मात्र फारसे बिघडत नाही. जिने उतरणे, ऊन लागणे आणि साहेबांच्या नजरेआड दोन शब्द बोलणे हे तिन्ही प्रकृतीला चांगलेच.

काळजीच्या दिवसांतला डोस

मंदीत उलटेही घडते. दोघांचे काम एकावर येते, दिवस लांबतो आणि कॉफी वाढते. कॅफिनचे निम्मे प्रमाण शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपातले निम्मे रात्री अकराला रक्तात फिरतच असते. क्रिस्टोफर ड्रेक यांच्या २०१३ मधल्या प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही झोप तासाहून अधिक घटली. गंमत अशी की झोप इतकी कमी झाल्याचे त्या लोकांना स्वतःला जाणवले नव्हते. सकाळी थकवा, थकव्यावर कॉफी, कॉफीने पुन्हा झोप कमी. मनात ईएमआयची काळजी असली की जागरणाला कारणही तयार मिळते आणि कॉफी सुटून जाते.

पैसे वाचवायचे म्हणून या दिवसांत काहीजण सिगारेट सोडतात. उत्तम गोष्ट. पण सिगारेटच्या धुरातील घटक यकृतातले कॅफिन फोडणारे विकर जोरात चालवतात, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरातून कॅफिन जवळपास दुप्पट वेगाने निघून जाते. सिगारेट सुटली की काही दिवसांत हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच कॉफीत रक्तातले कॅफिन वाढते. अस्वस्थपणा, निद्रानाश, थरथर हे सगळे निकोटिनच्या नावावर लिहिले जाते, आणि ‘सोडून फायदा काय’ म्हणत माणूस पुन्हा पेटवतो. सिगारेट सोडताना कॉफी निम्मी करावी, हा सल्ला म्हणूनच द्यायला हवा. गर्भवतींमध्ये याच्या उलट होते. शेवटच्या महिन्यांत कॅफिन शरीरात कित्येक तास जास्त रेंगाळते. त्यांच्यासाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली जाते. इतर निरोगी प्रौढांसाठी युरोप-अमेरिकेत ४०० आणि आपल्या पोषण संस्थेच्या सूचनांत ३०० मिलिग्रॅम.

ज्यांच्या कार्यालयात यंत्र जाणार आहे, त्यांनी ते जायच्या आधीच उतरंड सुरू करावी. एकदम थांबण्यापेक्षा दर तीन-चार दिवसांनी रोजचा पाऊण भाग ठेवायचा आणि पाव भाग कमी करायचा. दोन आठवड्यांत चार कपांवरून एकावर डोके न दुखता येता येते. कमी केलेल्या कपाच्या जागी चिकोरीचा किंवा डिकॅफचा कप चालतो. हाताला आणि नाकाला सवयीचे काहीतरी मिळते. पैशाच्या कारणासाठी का होईना, शनिवार-रविवारी सकाळी अर्धा कप घरी घेतला तर रविवारची डोकेदुखीही थांबते.

कॉफीची वेळ ठरवून देणाऱ्या प्रशासनाने घड्याळाकडे थोडे लक्ष द्यावे. जेवणानंतर लगेच कप हातात दिला तर कॉफी-चहातले टॅनिनसारखे घटक अन्नातले लोह शोषू देत नाहीत. पोषण संस्थेने जेवणाआधी आणि नंतर तासभर दोन्ही टाळायला सांगितले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. तेव्हा दुपारी दोनऐवजी साडेतीन ही वेळ फुकटात सुचवता येण्यासारखी आहे. पूड बदलली असेल तर नव्या पाकिटावरचे कॉफी-चिकोरीचे प्रमाण त्याच सूचनेच्या कागदावर लिहावे. त्याला पैसे पडत नाहीत.

कॉफी बंद झाल्याने दुखणारे डोके साधारण दोन्ही बाजूंनी, हळूहळू, दाबल्यासारखे दुखते आणि थोडे कॅफिन घेतल्यावर तासाभरात उतरते. डोके अचानक आणि आजवर कधी नव्हते इतके दुखले, सोबत ताप, मान ताठ होणे, सतत उलट्या, बोलण्यात अडखळणे किंवा हातापायात कमजोरी आली, तर त्याचा कॉफीशी संबंध जोडत बसू नये. लगेच रुग्णालयात जावे. आठवडाभरात न थांबणारी साधी डोकेदुखीही डॉक्टरांना दाखवावी आणि ‘दिवसाला किती कप’ हे त्यांनी विचारले नाही तरी सांगावे.